आक्काच्या रानात बसलेलं हेलिकॉप्टर

सायलीचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणत होतो. दौंडला माझं ट्रॅक्टर-मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. हे दोन शब्द दिवसभरात इतक्या वेळा तोंडातून निघतात की ते म्हणताना मला दुसरं काहीही करता येतं... चहा पिता येतो, पावती फाडता येते, फोन उचलता येतो. तसाच उचलला. "मामा, आई उठत न्हाई," सायली म्हणाली. ती माहेरी आली होती, वडगाव रासाईला. मला वाटलं, दमून झोपली असेल. आक्का दुपारी बाजेवर आडवी झाली की हाका मारणारा दमायचा, ती उठायची नाही. "तोंडावर पाणी मार," मी म्हणालो. मग शेजारच्या कुणीतरी तिच्या हातातला फोन घेतला आणि म्हणालं, "बापू, तुम्ही निघा. सावकाश या, पर निघा." सावकाश या असं माणसं कधी म्हणतात ते या वयात कळतं. गिऱ्हाईक अजून काउंटरपाशी उभंच होतं. त्याला क्लचप्लेट हवी होती. ती आतल्या फळीवर होती, मला उठायचा कंटाळा आला होता म्हणून उद्या या म्हणालो होतो.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळं बहीण म्हणायचं तेवढं, बाकी सगळं तीच. आमच्या वडलांची मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप घेऊन भीमेच्या काठाकाठानं फिरायचं आणि शेतकरी बोलावतील त्यांच्या रानात मेंढरं बसवायची. रात्रभर कळप रानात बसला की लेंड्या-मुताचं खत होतं, शेतकरी खूश, आपल्याला धान्य. मला घोड्यावरच्या बाडबिस्तऱ्यात बांधून आक्का त्या घोड्याचा कासरा धरून चालायची. ती स्वतः तेव्हा परकरातली पोर होती. माणसाशी कसं वागावं हे तिला शाळेनं शिकवलं नाही, या रानोरानच्या मुक्कामांनी शिकवलं. ज्याच्या रानात बसलो त्याची काडी हलवायची नाही, आणि आपल्या रानात कुणी बसलं तर त्याची काडी हरवू द्यायची नाही, एवढाच तिचा कायदा. पुढं मेंढरं गेली, वडील गेले, आक्का वडगाव रासाईला नांदायला गेली. दाजी ऐन उमेदीत गेले तेव्हा सायली रांगत होती. दीर म्हणाले, रान वाट्यानं लावू. ती म्हणाली, "माझं मीच बघीन." आणि बघितलंही. कांद्याचं रोप टाकण्यापासून नदीवरच्या मोटारीचा फ्यूज बांधण्यापर्यंत सगळं. मी अधूनमधून जायचो, तिच्या हातची बाजरीची भाकरी खायचो, तिला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचो आणि वाटेला लागायचो. धाकट्या भावांची ही जुनीच तऱ्हा आहे.

सायलीचं लग्न ठरलं आणि माझ्या अंगात आलं. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो, अंतरपाटामागं तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. एकुलती एक भाची, बाप नाही, दुकान बरं चाललेलं. मी जाहीर केलं की पोरीची पाठवणी हेलिकॉप्टरनं करायची, मामाकडून. आजूबाजूच्या दोन-तीन लग्नांत लोकांनी तसं केलेलं मी पाहिलं होतं आणि ते मनात घर करून बसलं होतं. आक्काला सांगितलं तर ती आधी हसत सुटली. सायलीचं सासर म्हणजे नदीपलीकडचं, दौंड तालुक्यातलं गाव. आक्काच्या रानातून त्यांच्या देवळाचा कळस दिसतो. "आरं, इथनं हाळी मारली तर तिची सासू व्हय म्हनंल, आन् त्याला हेलिकॉप्टर?" ती म्हणाली. "पोरीला नांदवायचीय का उडवायचीय?" मी फुगून बसलो. जेवलो नाही. बायको म्हणाली, पन्नाशीला आलेला माणूस ताटावरून उठतो, शोभतं का? पण आक्कानं लहानपणापासून माझा हट्ट पुरवलेला. संध्याकाळी तिचाच फोन. "आन बाबा तुझं ते इमान. बाजरी निघाल्यालं रान मोकळं हाय, तिथं उतरव." ती त्याला शेवटपर्यंत कधी इमान म्हणायची, कधी 'ते'. आता वाटतं, त्या दिवशी तिनं मला तसंच उपाशी ठेवायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी ते उतरलं. धुळीचा लोट उठला, मांडवाची एक कनात उडाली, शेरडं दावं तोडून पळाली आणि सगळं गाव रानात. रानात फक्कीचा गोल आखला होता, त्याच्या बरोबर मधे बसलं. या छोट्या हेलिकॉप्टरला चाकं नसतात, खाली दोन लांब नळ्या असतात, त्यांच्यावर ते बसतं. जमिनीवर हलवायचं झालं तर त्या नळ्यांना बाहेरून दोन चाकं लावायची, पंपानं उचलायचं आणि माणसांनी ढकलायचं. ही चाकं आणि इंधन घेऊन कंपनीचा टेक्निशियन जीपनं आधीच आला होता. थॉमस त्याचं नाव, केरळकडचा, हवाई दलातून निवृत्त झालेला, डोक्याला टक्कल आणि बोलणं हिंदीतून. त्यानं दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं, मोठ्या पंख्याला पट्टा बांधला आणि जीपच्या सावलीत बसून राहिला. आक्कानं त्याला तिथंच ताट नेऊन दिलं. पायलटसाहेब मांडवात जेवायला बसले. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या, आणि त्या दिवशी लाईट वेळेच्या आधी आली.

शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. शेतीची वीज सरकार देईल तेव्हा येते, म्हणून सगळ्यांनी मोटारीला ऑटो बसवलेले असतात. वीज आली की मोटार आपली आपण चालू होते. लग्नघरात ऑटो काढून ठेवायचं कुणाच्या डोक्यात येणार? पाणी चारीनं आलं, वरच्या गव्हाच्या तुकड्यात जायचं ते चारी फुटून बाजरीच्या मोकळ्या रानात शिरलं. कुणीतरी ओरडलं तोवर हेलिकॉप्टरच्या पुढच्या नळ्या चिखलात. मोटार बंद करायला एक जण नदीकडं पळाला, बाकी सगळे हेलिकॉप्टरकडं. थॉमसनं चाकं लावली, पंप मारला. आता तो सांगेल त्या जागी, सांगेल तितक्याच लोकांनी हात लावायचा होता. पण आमच्या लोकांना दोन चाकांवरची, मागं लांबलचक शेपूट असलेली वस्तू दिसली की ती बैलगाडीच. पुढून चिखलात रुतलीय म्हणजे मागून दाबायची, पुढचं उचलेल, सोपा हिशेब. थॉमस हिंदीत ओरडतोय, "पीछे मत दबाओ, वहाँ हाथ मत लगाओ," आणि मी, नवरीचा मामा, फेटा सावरत त्याला म्हणतोय, "ओ साहेब, तुम्ही बाजूला व्हा, ह्यांचा जन्म गेलाय ह्याच्यात." आक्का बांधावर उभी होती. गाडी कधी आणि किती दाबायची हे तिला बाप्यांपेक्षा चांगलं कळायचं. तिनं नेहमीच्या सवयीनं आवाज दिला, "दाबा मागनं... हां, आजून!" आणि दहा-बारा गड्यांनी शेपटावर, तिथल्या लहान फळीवर, सगळं अंग टाकलं.

चिखलानं पुढचं टोक एकदम सोडलं. मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, धुरा आकाशात जातो, तसंच झालं. नाक वर आणि शेपूट धाडकन बांधावर. बांधात एक काळा धोंडा होता, आक्काचे सासरे होते तेव्हापासूनचा. शेपटाचा लहान पंखा बरोबर त्याच्यावर आला. आवाज फार मोठा झाला नाही. पत्र्याचा डबा पायाखाली यावा एवढाच. पंख्याच्या एका पात्याचं टोक गेलं आणि शेपटाला हाताएवढा पोचा पडला. कुणाला खरचटलंही नाही, ही रासाईदेवीची कृपा. लोक म्हणाले, एवढंच ना, ठोकून काढू. पायलटसाहेब जेवणाच्या हातानंच पळत आले, बघितलं आणि परत जाऊन हात धुतला. सायली जीपमधून सासरी गेली. गाडीत बसताना ती माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मला खरं सांगायचं तर शरमेनं तिच्याकडं बघवत नव्हतं.

आक्कानं ते स्वतःवर घेतलं. मोटार माझी, चारी माझी, धोंडा माझा, दाबा म्हणाली ती मी... अशी तिची रांगच लागायची. मी म्हणायचो, "आणलं कुणी?" तर म्हणायची, "तू हौसंनं आनलंस. मोडलं मी." या एका गोष्टीवरून आम्ही किती भांडलो असू. दोघंही गुन्हा आपल्याकडं ओढत होतो, आणि तिची ओढ माझ्यापेक्षा जास्त होती एवढं मला कळत होतं. कळून मी काय केलं? थोडं सुखावलो. कंपनीनं सुरुवातीला रांजणगावच्या एजन्सीचा एक वॉचमन पाठवला होता. चार-आठ दिवसांनी त्याची ड्युटी दुसरीकडं लागली, तेव्हा कंपनीचे साहेब मला फोनवर म्हणाले की दुसऱ्याची सोय होईपर्यंत काय करायचं. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काळजीच सोडा. आमची आक्का आहे." तिला न विचारता. दुसरा वॉचमन कधी आलाच नाही. आक्कानं लिंबाखालची बाज हलवून रानाच्या कडेला आणली, हेलिकॉप्टरकडं तोंड करून टाकली, आणि तिथंच तिचं उठणं-बसणं, निवडणं-टिपणं सुरू झालं. "मेंढरं बसली तर रानाला खत तरी मिळतंय. ह्याचं काय?" ती म्हणायची आणि हसायची.

दुरुस्तीबद्दल काय सांगू. माझा जन्म पार्ट विकण्यात गेला. मला वाटलं होतं, एक पातं बदलायचं, त्याला किती वेळ लागतो? थॉमसनं समजावलं की एक पातं बदलून चालत नाही, जोडी बदलावी लागते, आणि ज्या पंख्याला असा दणका बसला त्याच्या आतलंही तपासावं लागतं, शेपटाच्या पोच्याचं माप बनवणाऱ्या कंपनीला परदेशी पाठवावं लागतं, ते हो म्हणाले तरच पुढं. आधी विम्याचा माणूस येणार. तो येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. विम्याचा माणूस आला, फोटो काढून गेला. मग परदेशातून उत्तर येईना. उत्तर आलं तर त्यांना आणखी फोटो पाहिजेत. मग पाती निघाली म्हणे. मग ती मुंबईत कस्टममध्ये अडकली. मी रोज दुकानातून कंपनीच्या ऑफिसात फोन लावायचो. तिथं एक बाई गोड आवाजात सांगायच्या, "सर, पार्ट ट्रान्झिटमध्ये आहे." ट्रान्झिटमध्ये आहे म्हणजे काय ते मला विचारा. मी स्वतः हे वाक्य गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय, आणि त्यातल्या निम्म्या वेळा पार्टची ऑर्डरच दिलेली नसायची. मी फोनवर चिडायचो, आवाज चढवायचो, आणि फोन ठेवून समोरच्या माणसाला शांतपणे सांगायचो, उद्या या.

अखेर एक लाकडी खोकं आलं. थॉमस पुण्याहून ते मांडीवर घेतल्यासारखं घेऊन आला. आक्काच्या बाजेवर चादर अंथरली, हात धुतले आणि खोकं उघडलं. आत पाती होती, पण याच्या आधीच्या मॉडेलची. थॉमसनं खोकं पुन्हा होतं तसं बंद केलं. आक्कानं त्याला चहा दिला. पुढं बरोबर पाती आली तर त्यांचे बोल्ट वेगळ्या पार्सलनं येणार होते. बोल्ट आले तर ज्या साहेबाच्या सहीशिवाय ते बसवता येत नाहीत ते साहेब रजेवर. तोवर हेलिकॉप्टरच्या पोटात गांधीलमाश्यांनी पोळं केलं, पंख्याच्या पट्ट्याला लोंबणारी लाल फीत एका शेळीनं खाल्ली. रांजणगावच्या कारखान्यांतून सुटणारी कामगार पोरं मोटारसायकली वळवून फोटो काढायला यायची. वढूला समाधीच्या दर्शनाला जाणारी माणसंही वाट वाकडी करून यायची. आक्का सगळ्यांना दोरीच्या अलीकडून बघू द्यायची, वर पाणी पाजायची. कुणी दोरी ओलांडली तर मात्र तिचं तोंड सुटायचं, आणि ते सुटलं की वडगावात राहून ऐकायला नको वाटायचं.

थॉमस आला की ती त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. तो तिला अम्मा म्हणायचा, ती त्याला टामस. एकदा मी तिथं असताना तो सांगत होता की हवेत काही होत नाही, जे मोडतं ते जमिनीवर, इंजिन बंद असताना. कुठं शेडचं शटर शेपटावर आलं, कुठं ढकलताना पंखा खांबाला लागला, कुठं पंख्याला बांधलेला पट्टा न सोडताच कुणी चालू केलं. "अम्मा, उड़ता है तब सब ध्यान देते हैं. खड़ा है तो कोई नहीं देखता." आक्काला हिंदी अर्धीमुर्धी कळायची. ती मला म्हणाली, "काय म्हनतोय?" मी सांगितलं, उडतंय तेव्हा सगळे लक्ष देतात, उभं असलं की कुणी बघत नाही. "मी हाय न्हवं बघाया," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली. मला ते वाक्य तेव्हा नुसतं गंमतीचं वाटलं.

संक्रांतीच्या आसपास तिला बांध चढताना धाप लागायला लागली. डावा हात भरून यायचा. सायलीनं तिला शिरूरला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं की पुण्याला नेऊन हृदयाची तपासणी करून घ्या, लांबवू नका. सायलीनं मला फोन केला, मी वडगावला गेलो. आक्का बाजेवर बसून लसूण सोलत होती. म्हणाली, "दुसऱ्याची चीज रानात बसलीया, बापू. सोडून कशी येऊ? हे उठलं म्हंजी जाऊ." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बरं, पार्ट येऊ दे." रागावलो नाही, हाताला धरून गाडीत घातलं नाही. आपण शब्द दिलाय, ती राखण करतेय, ती उठली तर तिथं कोण बसणार, हा विचार त्या क्षणी माझ्या डोक्यात आला होता. तो आला होता हे मी आता कितीही धुतलं तरी जात नाही. हेलिकॉप्टरसाठी मी रोज फोन करत होतो. पुण्याच्या दवाखान्यात एक फोन करायचा होता, तो केला नाही.

तेव्हाच कधीतरी बाजेचा एक खूर पिचला. दिवसरात्र तिच्यावर बसणं, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांचंही बसणं. बाज हलायला लागली. आक्का म्हणाली, "बापू, एवढा खूर बसवून आन की." मी म्हणालो, आणतो. पुढच्या खेपेला म्हणाली, तेव्हाही म्हणालो, आणतो. एकदा तर म्हणाली, "तुझ्या दुकानात खाटंचं पार्ट न्हाईत व्हय रं?" आणि आम्ही दोघंही हसलो. माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर सुताराचं दुकान आहे.

चैत्रात एकदाचं सगळं जुळलं. सहीचे साहेब आले, पाती बसली, थॉमसनं दोन दिवस बसून एकेक बोल्ट तपासला. चालू करून बघितलं. निघायच्या दिवशी आक्कानं हेलिकॉप्टरच्या नाकाला हळद-कुंकू लावलं. नारळ तिथं फोडायला थॉमसनं मनाई केली, तर तिनं तो बांधातल्या त्याच काळ्या धोंड्यावर फोडला. थॉमस जीपनं जाणार होता. जाण्याआधी त्यानं तिची हलती बाज पाहिली, जीपमधून एक पिवळा रंगवलेला लाकडी ठोकळा काढला, मऊ जमिनीवर हेलिकॉप्टरच्या नळ्यांखाली घालतात तो, आणि पिचलेल्या खुराखाली सारला. बाज हलायची थांबली. तो वाकून आक्काच्या पाया पडला. मग ते वर गेलं. धुळीत पदर धरून आक्का उभी होती, मान वर करून, पार नदीपलीकडं दिसेनासं होईपर्यंत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुळीनं की कशानं मी विचारलं नाही. "ग्येलं," ती म्हणाली. "बाई, रान कसं वंगाळ दिसतंय."

आता सांगा, यानंतर मला कुठलं कारण होतं? रान मोकळं झालं होतं. ती मोकळी झाली होती. मी म्हणालो, "आक्का, आता पुण्याला जायचं." ती म्हणाली, "जाऊ की." मग उन्हाळ्यात दुकानात ट्रॅक्टरवाल्यांची गर्दी. मग पेरण्या, नांगरटीचे पार्ट. मग तिचा कांदा. मग म्हणालो, दिवाळीनंतर नक्की. तिला बरं वाटत होतं असं ती म्हणायची आणि मला तेच ऐकायचं होतं. फोन केला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रं, आला का पार्ट?" जुनी थट्टा. मीही जुनंच उत्तर द्यायचो, ट्रान्झिटमध्ये आहे. सायली मात्र दर वेळी विचारायची, मामा, आईला कधी नेताय? तिला शेवटी शेवटी मी चिडूनच बोललो होतो, "नेतो म्हणालो ना? मी काय पळून चाललोय?" तिनं पुन्हा विचारलं नाही. दिवाळी झाली, आणि दिवाळीनंतरच्या त्या दुपारी तिचा फोन आला.

नंतर शिरूरच्या डॉक्टरांना मुद्दाम भेटलो. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "काही सांगता येत नाही हो. नेलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं." 'कदाचित' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी वापरला हे मला कळलं. गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून आपणही असं बोलतो. लोक म्हणाले, पुण्यवान बाई, हालहाल झाले नाहीत, आपल्या रानात, आपल्या बाजेवर गेली. मी मान हलवत राहिलो. सायली माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तेराव्याला तिनं मला वाढलं, मामा म्हणून पहिलं पान माझं.

दिवस झाल्यावर तिनं विचारलं, "मामा, बाज घरात घेऊ का? थंडी-वाऱ्यात वाया जाईल." बाज अजून रानाच्या कडेलाच होती, आक्कानं टाकली होती तशीच, जिथं हेलिकॉप्टर बसायचं तिकडं तोंड करून. ते गेल्यावरही तिनं ती लिंबाखाली परत नेली नव्हती. समोरच्या कांद्याच्या वाफ्यात दोन लांब पट्टे दिसत होते, तिथली पात जरा पिवळट. नळ्यांखाली जमीन दबून घट्ट झाली होती, आक्कानं दोनदा कुदळ मारूनही ती पुरती मोकळी झाली नव्हती. मी बाज उचलायला गेलो आणि तो पिवळा ठोकळा खाली राहिला. ठोकळ्याचा अर्धा भाग मातीत रुतला होता. बाज माझ्या हातात लगेच एका बाजूला कलली.

"घरात नको," मी म्हणालो. "मी आणतो परत." टेम्पोत घालून दौंडला नेली. सुतारानं उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "ठेवून जा. उद्या न्या." मी म्हणालो, "नको. बसतो मी." त्याला नवल वाटलं असावं, पण त्यानं एक स्टूल पुढं केलं. त्यानं बाभळीचा तुकडा शोधला, तासला, जुना खूर ठोकून काढला, नवा बसवला, सुंभ ताणून घेतला. मी शेजारी बसून होतो. दुकानातून पोरांचे फोन येत होते, ते घेतले नाहीत. त्याच दिवशी बाज वडगावला परत नेली आणि होती तिथंच, होती तशीच टाकली. ठोकळा सायलीला दिला, तिनं तो पदरानं पुसून देवघराच्या फळीवर ठेवला. मग मी बाजेवर बसून बघितलं. हातानं दाबून बघितलं, चारी बाजूंनी. जरासुद्धा हलत नव्हती.

तासाभराचं काम होतं.